बिळासाठी घडलेला कुत्रा आणि बॉथेलचं घर

सिॲटलमध्ये घडणारी 'फ्रेझर' ही मालिका १९९३ ते २००४ अशी अकरा वर्षं चालली. तिच्यातला म्हातारा बाप आपल्या एडी नावाच्या कुत्र्याला घेऊन थोरल्या मुलाकडे राहायला येतो. एडी सोफ्यावर बसून त्या मुलाकडे टक लावून बघत राहायचा आणि तेवढ्यानं प्रेक्षक खूश व्हायचे. पांढरं अंग, तपकिरी पट्टे, अर्धे दुमडलेले कान आणि डोळ्यांत विलक्षण हुशारी. एडीचं काम करणाऱ्या कुत्र्याचं खरं नाव मूस. तो जॅक रसेल टेरियर होता, १९९० साली फ्लोरिडात जन्मलेला. तो पडद्यापर्यंत पोचला, कारण त्याच्या पहिल्या घरानं त्याला सोडून दिलं होतं. तो सामान कुरतडायचा, अंगण उकरायचा, सारखा भुंकायचा, फट दिसली की पसार व्हायचा. त्या घराला तो झेपला नाही. पुढे प्राण्यांना शिकवणाऱ्या माणसांच्या हाती पडल्यावर त्याला रोज शिकायला आणि करायला काहीतरी मिळू लागलं, आणि तोच कुत्रा देशभर लाडका झाला.

या गोष्टीचा उत्तरार्ध सगळ्यांना ठाऊक असतो, पूर्वार्ध फार थोड्यांना. मालिका गाजली तेव्हा एडीसारखाच कुत्रा हवा म्हणून अनेकांनी जॅक रसेलची पिल्लं घरी नेली आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांतली बरीचशी निवाऱ्यांत पोचली. आपल्याकडे २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग पाहून शहरांतली घरं पगच्या मागे लागली, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की पग सोफ्यावर झोपून दिवस काढतो. टेरियरला ते जमत नाही.

बॉथेलमधल्या मराठी घरांत हल्ली कुत्र्याचा विषय वरचेवर निघतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. बॉथेल म्हणजे सिॲटलच्या ईशान्येला, लेक वॉशिंग्टनच्या उत्तर टोकापाशी, समामिश नदीकाठचं गाव. थोडं किंग काउंटीत, थोडं स्नोहोमिश काउंटीत. १९०९ साली इथं नगरपालिका झाली तेव्हा हे लाकूडतोड्यांचं गाव होतं. २०२० च्या जनगणनेत वस्ती अठ्ठेचाळीस हजारांवर गेली. रेडमंडचं मायक्रोसॉफ्ट गाडीनं जवळ, शाळा चांगल्या, त्यामुळे गेल्या वीसेक वर्षांत आपली माणसं इथं मोठ्या संख्येनं आली. आधी अपार्टमेंट, मग टाउनहाउस, मग जमलं तर मागे छोटं अंगण असलेलं घर. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की जेवणाच्या टेबलावर प्रश्न येतोच: "आई, आपण डॉगी कधी आणायचा? सगळ्यांकडे आहे." बाबा म्हणतात, "छोटासा आणू, म्हणजे त्रास नाही." आणि फोनवरच्या चित्रांतून नेमका टेरियर पसंत पडतो, कारण तो छोटा असतो, देखणा असतो, आणि चित्रात स्थिर बसलेला असतो.

छोटा म्हणजे सोपा, ही समजूत आपण गावाकडून घेऊन आलो आहोत. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांनी वर्षानुवर्षं 'पॉमेरियन' पाळले. त्यांतले बहुतेक खरं तर इंडियन स्पिट्झ. दोन खोल्यांच्या जागेत, गॅलरीत बसून, वरणभात-पोळीवर त्यांनी आयुष्य काढलं. सकाळ-संध्याकाळ कोपऱ्यापर्यंत फेरी, दाराची बेल वाजली की भुंकणं, बाकी वेळ आजीच्या पायाशी. कुत्रा म्हटलं की हेच चित्र मनात असतं. टेरियरही तेवढ्याच आकाराचा, म्हणून तोही तसाच असेल असं वाटतं. तसं नसतं, आणि का नसतं हे कळायला दोनशे वर्षं मागं जावं लागतं.

टेरियर आपल्याला अगदी अनोळखी मात्र नाही. जुन्या मराठी घरांत ग्रामोफोन होता, नाट्यसंगीताच्या तबकड्या होत्या, आणि त्या तबकड्यांच्या मधोमध कर्ण्यात कान घालून बसलेला एक कुत्रा होता. 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा तो निपर. १८८४ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जन्मलेला, टेरियर वंशाचा, संमिश्र रक्ताचा. आल्यागेल्याच्या पोटऱ्यांना मागून चावे घ्यायची खोड होती म्हणून त्याचं नाव निपर पडलं. तो गेल्यावर त्याचे धनी, चित्रकार फ्रान्सिस बरॉड यांनी ते चित्र काढलं. तीन पिढ्यांनी पाहिलेला तो शांत, एकाग्र कुत्रा प्रत्यक्षात पोटऱ्या पकडणारा होता. एकाग्रता मात्र खरी होती. बिळाच्या तोंडाशी बसलेला टेरियर असाच दिसतो: मान किंचित तिरपी, कान पुढे, श्वास रोखलेला.

जॉन रसेल (१७९५–१८८३) हे इंग्लंडमधल्या डेव्हनचे धर्मोपदेशक. पेशा चर्चचा, वेड कोल्ह्याच्या शिकारीचं. १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांना एका दूधवाल्याकडे एक पांढरी कुत्री दिसली. डोळ्यांवर, कानांवर तपकिरी डाग, शेपटीच्या मुळाशी आणखी एक. रसेलनी ती तिथल्या तिथं विकत घेतली. तिचं नाव ट्रम्प. आज ज्यांना जॅक रसेल आणि पार्सन रसेल टेरियर म्हणतात, त्यांची ही मूळ आजी. १८७३ साली इंग्लंडमध्ये केनेल क्लब निघाला तेव्हा रसेल त्याच्या पहिल्या सभासदांत होते, पण स्वतःचे कुत्रे मात्र ते प्रदर्शनांपासून दूर ठेवत.

या कुत्र्यांचं काम असं चाले. घोडेस्वार आणि फॉक्सहाउंडांचा तांडा कोल्ह्याला मैलोन्‌मैल पळवतो. दमलेला कोल्हा बिळात शिरतो. मोठे कुत्रे बाहेरच थबकतात, कारण त्यांना आत जाता येत नाही. मग टेरियर आत सोडतात. त्याचे पाय घोड्यांमागे धावता यावं इतके लांब हवेत, आणि छाती इतकी अरुंद हवी की माणसाच्या दोन पंजांच्या विळख्यात मावली पाहिजे. आजही पारखी लोक छाती अशीच मोजतात. आत अंधार, ओली माती, हलायला जागा नाही, समोर दात विचकून बसलेला कोल्हा. त्याला मारायचं नाही. मारला तर शिकार संपली. भुंकून भुंकून त्याला बाहेर पळायला लावायचं, नाहीतर वरून माणसं फावड्यानं खणत येईपर्यंत जागीच अडवून धरायचं. कधी हे काम तासन्‌तास चाले.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. बिळात मालक नसतो. लॅब्राडॉर पाण्यात पडलेलं बदक आणताना मागं वळून मालकाकडे बघतो. मेंढपाळाचा कॉली शिटीवर वळतो. टेरियर जमिनीखाली एकटा असतो. पुढं जावं की थांबावं, डावीकडच्या फाट्यात शिरावं की नाही, कोल्हा चावला तर माघार घ्यावी की घेऊ नये, हे सगळं त्याचं त्यानं ठरवायचं. जो विचारत बसला तो मेला किंवा निकामी ठरला. जो स्वतःच्या अकलेनं चालला आणि हटला नाही, त्याचीच पिल्लं पुढं वाढवली गेली. पिढ्यान्‌पिढ्या हेच. म्हणून तुम्ही अंगणात "ये, इकडे ये" म्हणून घसा कोरडा करता आणि तो कुंपणाखालची माती उकरत राहतो, तेव्हा त्याला ऐकू आलेलं असतं. त्यानं ठरवलेलं असतं. याला बेशिस्त म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. माणसानंच त्याला असा घडवला आहे, आणि कोल्ह्याची बिळं सोडून त्याला टाउनहाउसात आणणाराही माणूसच आहे.

टेरियरला जवळून पाहायचं असेल तर त्याला एक मऊ, दाबलं की चूं चूं करणारं खेळणं द्यावं. आधी तो ते पुढच्या पंजांखाली दाबतो. मग मान खाली घालून ते मधोमध, पाठीच्या कण्याच्या जागी पकडतो आणि डोकं इतक्या वेगानं डावी-उजवीकडे झटकतो की कान गालांवर फटफट आपटतात. एक, दोन, तीन झटके. थांबतो, ऐकतो. खेळणं अजून चूं करतंय का? करत असेल तर पुन्हा. आवाज बंद झाला की शिवण उसवून आतली चिवचिवी बाहेर काढतो, ती बाजूला ठेवतो, आणि मगच कापूस पसरतो. शेतातल्या गोठ्यात उंदरांचा बंदोबस्त करताना त्याचे पूर्वज हेच करत. उंदराची मान एका झटक्यात मोडायची आणि दुसऱ्याकडे वळायचं. मुलांना हा खेळ बघायला मजा वाटते. घरात हॅमस्टर किंवा ससा असेल त्या घरानं तो मजा म्हणून बघू नये.

आता हा कुत्रा बॉथेलमध्ये ठेवून पाहू. गाव हिरवंगार आहे. बर्क-गिलमन ट्रेल इथं पोचते, समामिश रिव्हर ट्रेल इथून निघून रेडमंडच्या मेरीमूर पार्कपर्यंत जाते. नॉर्थ क्रीक आहे, ब्लायथ पार्क आहे, बॉथेल लँडिंगचा नदीकाठ आहे. पण या रस्त्यांवर कुत्रा पट्ट्यावर हवा आणि टेरियरच्या बाबतीत तो हवाच. दर पन्नास पावलांवर खार आहे, झुडपाखाली ससा आहे, गवतात उकरलेल्या मातीचे ढीग आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बॉथेल कॅम्पसजवळच्या पाणथळीत थंडीच्या दिवसांत संध्याकाळी हजारो कावळे मुक्कामाला येतात. आकाश काळं होतं. माणसं मुद्दाम बघायला जातात. टेरियरला घेऊन तिथं उभं राहिलात तर हाताचा खांदा निखळेल की काय असं वाटतं. पट्टा सुटला तर तो सशामागे रस्ता ओलांडेल, दोन्हीकडच्या गाड्या त्याला दिसणार नाहीत. संध्याकाळनंतर कायोटी फिरतात, आणि सहा-सात किलोचा टेरियर कायोटीला पाहून माघार घेणाऱ्यांतला नव्हे. बिळातल्या कोल्ह्यासमोर जो हटत नाही, तो इथं तरी का हटेल?

मोकळं पळवायचं तर मेरीमूरचं चाळीस एकरांचं कुत्र्यांचं मैदान आहे. नदीकाठी, बॉथेलहून गाडीनं जाण्याजोगं. उत्तम जागा आहे. मात्र सगळेच टेरियर अनोळखी कुत्र्यांच्या गर्दीत रमत नाहीत. काही जण मस्करीतल्या मस्करीत भांडण ओढवून घेतात आणि समोर चाळीस किलोचा कुत्रा असला तरी पाऊल मागं घेत नाहीत. आपला कुत्रा कशातला आहे हे आधी ओळखावं लागतं.

शरद ऋतूत आणखी एक धोका असतो, तो इथल्या आपल्या माणसांना बहुधा ठाऊक नसतो. समुद्रातून सिॲटलच्या बॅलार्ड लॉक्स या जलद्वारांमधून लेक वॉशिंग्टन, मग समामिश नदी, मग लेक समामिश असं करत सॅमन मासे इसाक्वाच्या ओढ्यापर्यंत जातात; नॉर्थ क्रीकमध्येही ते येतात. अंडी घालून मरतात, काठाला लागतात. त्या कच्च्या माशात एक परजीवी कृमी असते आणि तिच्या पोटात एक जीवाणू. कुत्र्यानं असा मासा खाल्ला की आठवडाभरात ताप, उलट्या, जुलाब, अन्नावरची वासना जाणं सुरू होतं. उपचार केला नाही तर बहुतेक कुत्री मरतात. वेळेवर पशुवैद्याकडे नेलं तर प्रतिजैविकांनी बरी होतात. कुजक्या वासाकडे टेरियर आधी धाव घेतो. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओढ्याकाठी पट्टा आखूड धरावा, आणि कुत्रा आजारी पडलाच तर डॉक्टरला मासा खाल्ल्याचा संशय आवर्जून सांगावा.

खरी परीक्षा हिवाळ्याची. डिसेंबरात इथं सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. पाऊस मुंबईच्या निम्म्याहून कमी, पण तो ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत रिमझिमत राहतो. कचेरीला निघायच्या आधी अंधार, परत आल्यावर अंधार, दोन्ही वेळा पाऊस. लॅब्राडॉर अशा दिवशी एखादी फेरी चुकवली तरी पोट वर करून झोपतो. आपल्या बाजूचा मुधोळ हाउंड घ्या. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोपासना केली आणि एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिली, तेव्हापासून त्याला हे नाव मिळालं. दख्खनचे धनगर आणि शिकारी त्याला कारवान म्हणूनच ओळखतात. तो वाऱ्यासारखा पळतो, आणि एकदा पळून झालं की दिवसभर अंगाचं मुटकुळं करून पडतो. लांबून दिसणारं सावज झडप घालून पकडणं हे त्याचं काम, आणि ते थोड्या वेळात संपतं. टेरियरचं काम चिकाटीचं. त्याच्या अंगातली उसळी एका धावण्यानं विरत नाही. सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास हे पूर्ण वाढलेल्या, तरुण टेरियरचं किमान, तेही नुसतं चालणं नव्हे. ते चुकलं तर तो आपलं काम आपण शोधतो. कोचाचा कोपरा, दाराची चौकट, गालिच्याची कड, अंगणातला मोगऱ्याचा वाफा.

लोक इथं एक चूक करतात. कुत्रा उड्या मारतो म्हणून त्याला आणखी पळवतात. महिनाभरात तो आणखी दमदार होतो आणि आणखी पळायला मागतो. टेरियर दमतो तो नाक आणि डोकं वापरून. त्याच्या जेवणातले दाणे अंगणभर गवतात फेकावेत, जुन्या खोक्यांत कागदाचे बोळे भरून त्यात लपवावेत, घरभर दडवून शोधायला लावावेत. अंगणाच्या एका कोपऱ्यात वाळूचा खड्डा करून द्यावा आणि उकरायचं तर इथंच, असं शिकवावं. त्यात हाडूक पुरून ठेवावं. वीस मिनिटं असं हुंगून झाल्यावर तो तासभर चालल्यापेक्षा जास्त शांत झोपतो. शिकवणं पाच-पाच मिनिटांचं, दिवसातून चार-पाच वेळा, खाऊ देऊन. ओरडून, पट्टा ओढून टेरियर शिकत नाही. तो फक्त तुमच्याविषयी मत बनवतो. अमेरिकेत टेरियरांसाठी 'अर्थडॉग' नावाच्या चाचण्या होतात: जमिनीत पुरलेल्या लाकडी बोगद्यातून वास काढत जायचं, टोकाला पिंजऱ्यात सुरक्षित ठेवलेल्या उंदरांपाशी पोचायचं आणि तिथं उभं राहून काम करायचं. उंदराला इजा होत नाही. गवताच्या गठ्ठ्यांमध्ये दडवलेल्या नळीतला उंदीर शोधायचा 'बार्न हंट' हाही खेळ आहे. आपल्या कुत्र्याला एकदा तरी हे करताना पाहावं. घरात दिवसभर उच्छाद मांडणारा प्राणी बोगद्याच्या तोंडाशी पोचताच गप्प होतो, अंग आखडून घेतो आणि आत नाहीसा होतो. दोनशे वर्षं ज्यासाठी त्याला घडवलं ते काम त्याला पहिल्यांदा मिळालेलं असतं.

कुत्र्यावर माया करण्यात मराठी माणूस कुठं कमी पडलेला नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. मायेचा प्रश्नच नाही. इथला प्रश्न वेळेचा आणि घराच्या घडणीचा आहे, आणि तो आपल्या लोकांच्या बाबतीत थोडा वेगळा आहे.

पहिली गोष्ट भारतवारीची. दोन-तीन वर्षांतून एकदा, डिसेंबरात किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत, आपण तीन-चार आठवडे जातो. लग्न, मुंज, आईवडिलांचं आजारपण असेल तर अचानक जावं लागतं. कुत्रा बरोबर नेणं जवळजवळ अशक्य. प्रवास चोवीस तासांच्या आसपास, शिवाय कागदपत्रं. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या लेखी भारत हा रेबीजचा मोठा धोका असलेला देश. १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्याला अमेरिकेत आणण्याचे नियम कडक झाले आहेत: सहा महिन्यांहून मोठा, मायक्रोचिप बसवलेला, रेबीजच्या लसीचा नियमानुसार दाखला असलेला. म्हणजे त्याला इथंच ठेवायचं. शांत कुत्रा मैत्रिणीकडे राहतो. टेरियर मैत्रिणीकडे राहतो, पण तिच्या बागेची आणि मैत्रीची दोन्हीची कसोटी लागते. त्याला जाणणारी एखादी विश्वासू व्यक्ती किंवा चांगलं बोर्डिंग आधीपासून ठरलेलं हवं, आणि त्याची आधी एक-दोन रात्रींची सवय हवी.

दुसरी, आजी-आजोबांची. ते सहा महिन्यांसाठी येतात. नातवंडं शाळेत, मुलगा-सून कामावर, आणि दिवसभर घरात आजी आणि टेरियर. आजी जिना उतरताना तो पायांत येतो. सत्तरीत पडणं म्हणजे खुब्याचं हाड. पट्टा धरून त्याला बाहेर नेणं आजोबांना झेपेलच असं नाही; खार दिसली की तो जो हिसका देतो तो तरुणालाही तोल घालवायला लावतो. शिवाय देवघर, सोवळं, केस, हा सगळा भाग आहे. "अहो आई, तो काही करत नाही," असं सून म्हणते; आईंना ते पटत नाही, आणि पटावं असा हट्टही धरू नये. कुत्रा आणायच्या आधी त्यांना फोन करून विचारावं. सहा महिने त्या घरात राहणार असतात.

तिसरी गोष्ट दिवाळीच्या मोसमाची. फराळाच्या चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाला घालतात, द्राक्षंही. कांदा-लसूण, शिजवलेला किंवा कच्चा, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. चॉकलेट वाईट, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या-च्युइंगगम तर अतिशय वाईट. डबा टेबलाच्या कडेला उघडा राहिला आणि घरात टेरियर असला, तर त्याला खुर्चीवरून टेबलावर जायला किती वेळ लागतो हे पाहण्याची वेळ कुणावर येऊ नये. बेदाणे खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा.

आणि चौथी, जिच्याविषयी आपण उघड बोलत नाही. व्हिसा. एच-वन-बीवर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. मग दुसरं राज्य, नाहीतर भारत. कुत्र्याला भारतात नेता येतं, त्यासाठी तिकडच्या पशु-विलगीकरण विभागाची परवानगी लागते, खर्च येतो, आणि साठ दिवसांच्या धांदलीत हे सगळं करावं लागतं. मनात ठरलेलं असेल की काहीही झालं तरी हा आपल्याबरोबर येणार, तर आणावा. तसं ठरलेलं नसेल तर ग्रीन कार्डापर्यंत थांबावं.

आयुष्याचा हिशोबही करावा. ब्रिटनमध्ये रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी हजारो कुत्र्यांच्या नोंदींवरून काढलेलं आयुर्मान २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. अभ्यासलेल्या जातींत जॅक रसेल सर्वांत वर होता, सरासरी १२.७ वर्षं, फ्रेंच बुलडॉग तळाला, साडेचार. अनेक जॅक रसेल चौदा-पंधरा वर्षं जगतात. नऊ वर्षांच्या मुलीच्या हट्टासाठी आणलेला कुत्रा ती अठराव्या वर्षी कॉलेजला जाते तेव्हा नऊ वर्षांचा असतो. पुढची चार-पाच वर्षं तो आई-बाबांचा. म्हणून आई-बाबांनाच तो हवा असेल तरच आणावा. मुलं प्रेम करतील, खेळतील, कधीतरी फिरायलाही नेतील. पावसातली पहाटेची फेरी मोठ्यांचीच असते.

हे सगळं वाचूनही मन टेरियरवरच असेल तर त्याच्याइतका सोबती दुसरा नाही, हेही तितक्याच खरेपणानं सांगते. तो कंटाळत नाही. तुम्ही डोंगरावर निघालात तर तो तुमच्या पुढे असतो. रोज पळणारी व्यक्ती, घरून काम करणारी आणि दुपारी अर्धा तास काढू शकणारी व्यक्ती, कुत्र्याला शिकवण्यातच ज्याला आनंद आहे असा माणूस, अशा घरात टेरियर फुलतो. आणि सगळे टेरियर एकसारखेही नसतात. अमेरिकन केनेल क्लबच्या टेरियर गटात तीसेक जाती आहेत. बॉर्डर टेरियर, नॉरफोक, केर्न हे जॅक रसेलपेक्षा थोडे सबुरीचे. एअरडेल मोठा, त्याला जागा हवी. यॉर्की टेरियरच, पण आकारामुळे खेळण्यांच्या गटात गणला जातो. भुंकण्यात मात्र तो अस्सल. जॅक रसेलचा क्लबच लोकांना बजावत असतो की हा कुत्रा सगळ्यांसाठी नाही, आणि त्यांचं ऐकावं.

माझं मत स्पष्ट आहे. दोघंही कचेरीत जाणारे, पाच-सात वर्षांखालचं मूल घरात, टाउनहाउस, आणि वर्षाआड भारतवारी, असं घर असेल तर टेरियरचं पिल्लू आणू नये. देखणं आहे म्हणून नाही, मालिकेत पाहिलं म्हणून नाही, शेजाऱ्याकडे आहे म्हणून तर मुळीच नाही. त्या घरात टेरियर हवाच असेल तर मोठा आणावा, पाच-सहा वर्षांचा, ज्याचा स्वभाव ठरलेला आहे आणि जो मुलांबरोबर, मांजराबरोबर कसा वागतो हे आधीच्या माणसांनी पाहिलेलं आहे. असे कुत्रे बॉथेलच्या आसपासच मिळतात: वुडिनव्हिलचं होमवर्ड पेट, लिनवुडचं पॉज, बेलव्ह्यूचं सिॲटल ह्यूमेन. यांच्या दारात थोड्या दिवसांसाठी कुत्रा सांभाळणारी घरंही हवी असतात. आधी तसा एक टेरियर महिनाभर घरी आणा, आणि तो महिना जूनचा नको, नोव्हेंबरचा घ्या. पहाटे पावसात रोज तुमच्यापैकी कोण उठतं ते बघा. महिना संपल्यावर तो निवाऱ्यात परत देताना कुणालाच दार उघडवत नसेल, तर कागदावर सही करा.